ड्रोन उतरेना

आमचा ड्रोन आजारी पडला तेव्हा त्याला तपासायला चार तज्ज्ञ मिळाले. चौघांनीही निदान केलं, चौघांचंही चुकलं, आणि चौघांनाही चहा मीच केला.

आजार असा होता, की वर जायला ड्रोन एका पायावर तयार असायचा, पण खाली यायचं नाव काढायचा नाही. शंभर फुटांवर अगदी शहाण्यासारखा स्थिर राहायचा. उतरवायला घेतला, की जमिनीपासून गुडघाभर उंचीवर येऊन थांबायचा, डुलायचा, डावीकडे सरकायचा आणि पुन्हा वर जायचा. पळश्याच्या एका लॉन्सवर ऐन लग्नात त्याने हा प्रकार जेवणाच्या पंगतीशेजारी केला. पत्रावळी उडाल्या, नवरदेवाच्या मामांचा फेटा सुटला, आणि ज्या पाहुण्यांनी लग्नाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं त्यांनी मोबाइल काढून ड्रोनचंच शूटिंग केलं. शेवटी शेखरने त्याला हाताने पकडून खाली ओढलं आणि पंख्याने बोट कापून घेतलं.

शेखर म्हणजे माझा नवरा. जेल रोडवर त्याचा फोटो स्टुडिओ आहे आणि पाटीवर त्याच्या नावाखाली ‘ड्रोन स्पेशालिस्ट’ असं लिहिलेलं आहे. उडवायचा सरकारी परवाना मात्र माझ्या नावावर आहे. त्याचं कारण असं, की परवान्यासाठी पाच दिवस वर्गात बसावं लागतं, शेवटी परीक्षा द्यावी लागते, आणि स्पेशालिस्टना वेळ नव्हता. तू घरीच असतेस, तू जा, कागदापुरतं तर हवंय, असं तो म्हणाला. घरीच असते म्हणजे दिवसभर स्टुडिओत बसून एडिटिंग करते, अल्बम लावते आणि पासपोर्ट फोटोला आलेल्यांच्या कॉलरी सरळ करते. तर मी गेले. पाच दिवस मैदानात उभं राहून आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी उडवलं. वर्गात बाकी सगळे पुरुष होते आणि परीक्षेत मी पहिली आले. घरी येऊन सांगितलं तर शेखरने विचारलं, की मग कागद किती दिवसांत येतो.

कागद आला, त्याने तो लॅमिनेट करून फाइलला लावला. त्याला आता दोन वर्षं झाली. तेव्हापासून कामावर गेलं की पायलटबाईंनी ड्रोनची पेटी उचलायची आणि शेखरला उन्हात स्क्रीन दिसावी म्हणून त्याच्या डोक्यावर छत्री धरायची, अशी कामाची वाटणी आहे. मला तो ड्रोन उडवायचा होता. कामावर, खरोखरच्या माणसांसमोर, एकदा तरी. याहून मोठी माझी काही इच्छा नव्हती, पण एवढीसुद्धा घरात कुणापाशी बोलायची सोय नव्हती.

त्यात शेखरने जाहीर केलं, की लासलगावचं काम बिघडलं तर हा ड्रोन तो विकून टाकणार. वाल्मीकने गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. म्हणजे माझा परवाना लॅमिनेशन कसं करतात ते दाखवायला उपयोगी पडला असता.

लासलगावचं काम नाथाशेठचं होतं. ते कांद्याचे व्यापारी, आणि गावाबाहेर त्यांचं मोठं खळं आहे, म्हणजे लिलावात घेतलेला कांदा जिथे ओततात, निवडतात आणि गोण्यांत भरून ट्रकवर चढवतात ती मोकळी जागा. बाहेरदेशीच्या खरेदीदारांना दाखवायला त्यांना खळ्याची फिल्म हवी होती. शुक्रवारी सकाळी नमुन्यादाखल शूटिंग करून दाखवा, आवडलं तर उन्हाळ कांद्याच्या अख्ख्या हंगामाचं काम तुमचं, असं त्यांनी सांगितलं होतं. हाताशी दहा दिवस होते आणि ड्रोन उतरत नव्हता.

पहिले तज्ज्ञ स्वतः शेखर. त्याने सॉफ्टवेअरचा दोष काढला आणि रात्रभर अपडेट लावून ठेवलं. अपडेट झालं, ड्रोन नव्या सॉफ्टवेअरने उतरेनासा झाला. दर वेळी उतरताना स्क्रीनवर इंग्रजीत एक पिवळी ओळ यायची, आणि शेखर ती अंगठ्याने बाजूला सारायचा. मी छत्रीखालून दोनदा वाचायला मान पुढे केली. दोन्ही वेळा माझं वाचून व्हायच्या आत त्याने ती घालवली. अर्धवट ऐकलेलं आणि अर्धवट वाचलेलं त्याला पुरतं, हे मला लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

दुसरे तज्ज्ञ वाल्मीक, शेखरचा शाळेपासूनचा मित्र. हा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला आहे, त्यामुळे जगात जे काही बिघडतं ते विजेमुळेच, अशी त्याची पक्की समजूत. त्याने खुर्चीतून न उठता सांगितलं, की हाय टेन्शनच्या तारांमुळे ड्रोनचं होकायंत्र फिरलंय. मी म्हटलं, पळश्याच्या लॉन्सवर तारा नव्हत्या, आणि तारांचाच त्रास असता तर तो वर जास्त व्हायला हवा, खाली नाही. वाल्मीक माझ्याकडे बघून समजूतदारपणे हसला आणि म्हणाला, की वहिनी, हे जरा टेक्निकल असतं. मग त्याने शेखरला दुसरा चहा मागायला लावला.

तिसरा साई, शहरात ड्रोन दुरुस्त करतो तो. या चौघांत निदान त्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर तरी होता. त्याने ड्रोन स्पिरिटच्या फडक्याने सगळीकडून पुसून घेतला आणि दुकानामागच्या शेडमध्ये डोक्याएवढ्या उंचीवर उडवला. तीनदा चढवला, तीनदा उतरवला. पाळीव कबुतरासारखा उतरला. साई म्हणाला, मशीन ठणठणीत आहे, उडवणाऱ्याकडे एकदा बघा. शेखर त्याच्याशी बोलायचा बंद झाला. दुसऱ्याच दिवशी दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेत ड्रोन पुन्हा गुडघ्यापाशी येऊन डुलायला लागला, तेव्हा शेखरला साई मूर्ख ठरल्याचा इतका आनंद झाला, की काम बुडाल्याचं दुःख त्याला संध्याकाळपर्यंत आठवलं नाही.

चौथ्या तज्ज्ञ माझ्या सासूबाई, कुसाबाई. त्यांनी ड्रोनकडे एकदा बघितलं आणि त्याला नजर लागल्याचं सांगितलं. “समदा मांडव वर तोंड करून त्याच्याकडंच बघतो. लागंल नाय तर काय व्हईल?” मी बघते त्याचं काय ते, असंही म्हणाल्या. शेखरने मान हलवली, वाल्मीकने बिस्किट बुडवलं, आणि कुणी त्यांना काय बघणार ते विचारलं नाही. त्यांना कुणी कधीच काही विचारत नाही. आमच्या घरात त्याबाबतीत आम्हा दोघींची परिस्थिती सारखीच आहे, पण म्हणून आमचं फार सख्य आहे असं कुणी समजू नये.

मी एका जुन्या अल्बमच्या पुठ्ठ्यामागे टिपून ठेवायला लागले. कुठला दिवस, कुठली जागा, किती उंची. चार दिवसांत चित्र स्वच्छ दिसलं. उंचावर त्रास एकदाही नाही, कायम कमरेच्या खाली. प्रशिक्षणात शिकवलेलं मला आठवत होतं, कारण मी तिथे मोबाइल बघत बसले नव्हते. वर असताना ड्रोन उपग्रहांच्या भरवशावर उभा राहतो, पण जमिनीजवळ आला की पोटाखालच्या दोन बारीक काचांतून तो जमीन बघतो आणि मगच टेकतो. म्हणजे खोट पोटाशी होती. आणि साईच्या शेडमध्ये बरा असलेला ड्रोन एका रात्रीत पुन्हा आजारी पडला, म्हणजे जे काही होत होतं ते आमच्या घरात होत होतं.

आता उलटा करून पोट बघायचं, एवढंच बाकी होतं. पण दसऱ्याला ड्रोनची पूजा केल्यापासून पेटी देवघराखाली असते, आणि अंघोळ केल्याशिवाय तिला हात लावायचा नाही असा सासूबाईंचा नियम आहे. कामावर पेटी उघडली, की ड्रोन थेट शेखरच्या हातात जातो. मी त्याला सांगितलं, की पोटाखालच्या काचा एकदा बघू या. तो म्हणाला, कंपनीने काचा बसवल्यात, त्या त्यांना बघू दे.

शुक्रवारी पहाटे पाचला मी अंघोळ करून ओल्या केसांनीच देवघरापाशी गेले. सासूबाई माझ्या आधी तिथे होत्या. पाय लांब करून बसल्या होत्या आणि तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना घेतात तसा ड्रोन पायांवर पालथा घेतला होता. शेजारी काजळाची डबी उघडी होती, घरी एरंडेलावर धरलेलं आणि तुपात खललेलं काजळ. त्यांनी बोट बुडवलं आणि ड्रोनच्या पोटावर, बरोबर त्या दोन बारीक काचांवर, एकेक ठसठशीत तीट लावली.

“आई, हे काय करताय?”

“तीट. तळपायाला लावते. गालाला लावली तर चारचौघांत दिसंल म्हणून शेखर वरडंल.” काचेवरून बोट फिरवत त्या म्हणाल्या, “इथं दोन वाटोळ्या जागा केल्यात बघ कंपनीनं. बोट नीट बसतं.”

कधीपासून, ते मी विचारलं. शिवरात्रीला शेजारच्या वैष्णवीची आई म्हणाली होती, की तुमचं यंत्र कसं पाखरासारखं उडतं, तेव्हापासून. आधी त्या एकच बारीकशी लावायच्या. मग पळश्याला ते तसं झालं, म्हणून दोन केल्या. साईकडून पुसून आला तर पुन्हा लावल्या. दिंडोरीनंतर जरा जाड लावायला लागल्या. चार तज्ज्ञांत रोज न चुकता उपचार करणाऱ्या या एकट्याच होत्या, आणि रोगी जितका खंगत होता तितका डोस वाढत होता.

मला हसू यायला हवं होतं. पण त्यांनी फिरून एकदा तीट ठीक बसली का ते पाहिलं, पदराच्या टोकाने कडेचं काजळ टिपलं. त्यांची माया मला दिसली आणि त्या मायेचा रागही आला. अकरा वर्षं या घरात मी राबतेय, दोनदा दवाखान्यात राहून आलेय. त्या यंत्राला मिळालेली ही नजर माझ्या वाट्याला एकदाही आली नव्हती.

तेवढ्यात शेखर अंघोळीहून बाहेर आला. त्याला सांगितलं असतं तर त्याने सगळी बिल्डिंग जागी करून आईचा पाणउतारा केला असता आणि आठवडाभर दारात येणाऱ्या प्रत्येकाला ती गोष्ट हसून सांगितली असती. मी ड्रोन पेटीत ठेवला, झाकण लावलं आणि पेटी उचलली.

गाडीत मी ड्रोन मांडीवर उलटा घेतला आणि लेन्सचं फडकं काढलं. तुपातलं काजळ सहजासहजी जात नाही. चांदोरीपासून निफाडपर्यंत मी पुसत होते, आणि शेखर गाडी चालवता चालवता सॉफ्टवेअरवर बोलत होता. मध्येच त्याने विचारलं, काय चाललंय.

“पुसतेय.”

“पूस. तेवढं तरी होईल तुझ्याकडून.”

नाथाशेठच्या खळ्यावर आम्ही सातला पोचलो. कांद्याने भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यापासून रांगेत लागल्या होत्या, ओतलेल्या ढिगांच्या कडेला निवडणाऱ्या बायका बसल्या होत्या. शेखरने सगळ्यांना लांब व्हायला लावलं आणि ड्रोन चढवला, उतरवला. ड्रोन पेटीच्या झाकणावर मधोमध टेकला. पुन्हा चढवला, पुन्हा टेकला. शेखरने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, बघ, अपडेट मुरायला वेळ लागतो.

ड्रोन बरा झाला, आणि मग शेखरचं उडवणं उघडं पडलं. इतके दिवस दोष द्यायला आजार होता. शेखरची पद्धत अशी, की आधी सरळ वर जायचं, तिथे गर्रकन फिरायचं, फिरताफिरताच खाली यायचं, आणि मध्येच काहीतरी चांगलं दिसलं की तिकडे झेप घ्यायची. हे सगळं दहा सेकंदांत. दहा सेकंदांत सगळं दाखवायचं म्हणजे काहीच दिसत नाही, हे मी एडिटिंगला बसून रोज बघते. त्याचे शॉट मी निम्म्या वेगाने चालवते, आणि लोक म्हणतात, शेखरभाऊंचा हात किती संथ आहे. इथे मात्र नाथाशेठ एडिटिंगच्या आधीचं बघत होते. त्यांनी एका हाताने ट्रॉलीचा कठडा धरला.

“मला कांदा दाखवा,” ते म्हणाले. “चक्कर नको.”

शेखरने तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा तेच. मग त्याने सांगितलं, की शेठ, ड्रोन अजून पुरता बरा झालेला नाही, आणि त्यात माझं बोट कापलेलं. हा ड्रोन मी काढूनच टाकतोय, पुढच्या खेपेला नवा घेऊन येतो. माझ्या हातातली छत्री कलली. वाल्मीकचं गिऱ्हाईक मला समोर उभं दिसायला लागलं.

 जन्मभर वजनकाट्याची पावती वाचल्याशिवाय नाथाशेठनी माल उतरवलेला नाही. ते म्हणाले, खळ्यावर माणसं आहेत, काही झालं तर मी सापडेन, आधी तुमचा कागद बघू द्या. शेखरने फाइल दिली. नाथाशेठनी चष्मा लावून लॅमिनेशनच्या आतलं अक्षर न् अक्षर वाचलं.

“यात पायलट छाया म्हणून लिहिलंय. त्या कुठंयत?”

शेखर हसला. “ही काय, छत्री धरलेली. ते कागदापुरतं असतं हो, शेठ.”

“आमच्याकडं कागदापुरतं काय नसतं,” नाथाशेठ म्हणाले. “ज्याचं नाव, त्यानं उडवायचं. नायतर राहू द्या.”

शेखरने रिमोट माझ्या हातात दिला आणि छत्री घेतली. अकरा वर्षांच्या संसारात त्याने माझ्यावर छत्री धरल्याचा हा पहिलाच प्रसंग. त्यातही तो ती स्वतःच्याच डोक्यावर धरत होता, सवयीने.

 मी दोन मिनिटं काहीच केलं नाही, फक्त ऊन कुठून येतंय ते पाहिलं. ते पूर्वेकडून तिरपं येत होतं. मी रांगेच्या खळ्यातल्या टोकाच्या ट्रॉलीपाशी गेले, म्हणजे ऊन कडेने पडेल आणि प्रत्येक कांद्याची सावली शेजारच्या कांद्यावर येईल. ड्रोन दोन पुरुष उंचीवर नेला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि मनात पाचपर्यंत मोजलं. मग कांद्यावरून सरळ पुढे, चालत्या माणसाच्या वेगाने, एकाच दिशेने. वळायचं नाही, फिरायचं नाही. लाल-गुलाबी ढीग स्क्रीनवरून सरकत राहिले, एक ट्रॉली, दुसरी, तिसरी. खळ्याच्या तोंडाशी पोचल्यावर हलकेच वर घेतला, आणि पुढची रांग खळ्यातून निघून पार डांबरी रस्त्यापर्यंत गेलेली दिसली. तिथेही पाचपर्यंत मोजलं आणि मग उतरवला. तो झाकणावर अलगद टेकला. मला इतका आनंद झाला होता, की तिथेच कांद्याच्या ढिगावर बसून रडावंसं वाटलं.

नाथाशेठनी तो शॉट तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा बघताना निवडणाऱ्या बायकांपैकी दोघींना बोलावून दाखवला. मग चष्मा काढून म्हणाले, की सोमवारपासून या, आणि उडवणार ह्याच.

परतताना शेखरने फोनवर वाल्मीकला सांगितलं, की अपडेट शेवटी लागू पडलं. छायालाही आता थोडं थोडं शिकवलंय, असंही सांगितलं. मी खिडकीतून द्राक्षाच्या बागा बघत होते. भांडायची ती जागा होती, पण मला भांडायला फुरसत नव्हती.

संध्याकाळी सासूबाई स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होत्या. ड्रोन उतरल्याचं ऐकून त्या मनातल्या मनात खूश होत्या, कारण दिंडोरीनंतर जाड केलेल्या तिटेचा तो गुण होता. मी त्यांच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं, की आई, त्याला आता तीट लावू नका. तुम्ही लावता तिथे त्याचे डोळे आहेत. काजळ लागलं की त्याला जमीन दिसत नाही, म्हणून तो उतरत नव्हता.

त्यांचे हात थांबले. “म्हंजी माझ्यामुळं?”

मी जुडीतली एक काडी उचलून निवडायला घेतली.

“शेखरला सांगितलं तू?”

“नाही. आणि सांगणारही नाही.”

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. चेहरा उतरला होता, आणि मला वाईट वाटलं. मग त्यांनी विचारलं, “अन् आता नजर लागली मंग? आता तर समदं लासलगाव बघनार.”

“मग मला लावा,” मी म्हटलं. “सोमवारपासून मीच उडवणार आहे.”

हे मी अर्धं चेष्टेत म्हटलं होतं.  सुनेला तीट लावायची पद्धत कुठे आहे. सासूबाईंनी देठं गोळा केली आणि त्या उठून गेल्या. आपण जरा जास्तच बोललो असं मला वाटलं.

सोमवारी साडेपाचला मी दारात बूट घालायला वाकले, तर त्या समोर येऊन उभ्या राहिल्या. हातात काजळाची डबी होती.

“पाय कर पुढं.”

मला कळेना. अकरा वर्षं प्रत्येक सणाला मी त्यांच्या पाया पडत आलेय. मी मागे सरकले आणि म्हटलं, आई, असं नका करू, कानामागे लावा हवी तर.

“कानामागचं घामानं जातं. पाय कर म्हनते ना.”

दुखऱ्या गुडघ्यावर हात टेकत त्या खाली बसल्या. माझी टाच त्यांनी ओंजळीत धरली, बोट डबीत बुडवलं आणि तळपायाला तीट लावली. थोडं थांबून तिच्याशेजारी आणखी एक लावली. “लय लोकं बघत्यात आता,” त्या म्हणाल्या, माझ्याकडे न बघता.

खालून शेखर हॉर्न वाजवत होता. पेटी न्यायला तो वर आला नव्हता, ती मलाच उचलायची होती. मी बूट घातला आणि पेटी घेऊन जिना उतरायला लागले. तो पाय मी प्रत्येक पायरीवर जपून टाकत होते, तीट पुसली जाऊ नये म्हणून.